पाऊस गेला, भिंतीतलं पाणी गेलं का?

सप्टेंबर सरत आला की पुण्यात पेंटर मिळणं मुश्किल होतं. दिवाळी तोंडावर असते, शादीचे हॉल बुक झालेले असतात, घरी पाहुणे यायचे असतात. मग गंज पेठेपासून कोंढव्यापर्यंत घरोघरी एकच घाई सुरू होते. जून ते सप्टेंबर पाणी प्यायलेल्या भिंतीवर ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात पुट्टी, प्रायमर आणि रंग चढतो. पंधरा दिवस घर नवं दिसतं. डिसेंबर-जानेवारीत पलंगामागे पहिला फुगा येतो आणि उन्हाळ्यापर्यंत पोपडे गळायला लागतात. दोष पेंटरला दिला जातो, नाहीतर रंगाच्या कंपनीला. बहुतेक वेळा दोष त्या दोघांचा नसतो. भिंत ओली होती, एवढंच झालेलं असतं.

आपल्या घरांत ज्याला सीलन म्हणतात आणि मराठीत ओल म्हणतात, ती नेमकी कुठून येते हे ओळखलं तर अर्धं काम होतं. वीट आणि प्लास्टर हे स्पंजसारखे असतात, त्यांत बारीक छिद्रं असतात. गच्चीला तडा असेल तर पाणी वरून येतं आणि छतावर पिवळट गोल डाग पडतो. बाहेरच्या भिंतीला भेग असेल किंवा ड्रेनेजचा पाइप ठिबकत असेल तर डाग मध्येच कुठेतरी, खिडकीच्या कोपऱ्यात किंवा पाइपाच्या रेषेत दिसतो. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सगळीकडे सारखाच पट्टा उमटला असेल तर पाणी जमिनीतून वर चढतंय, जशी दिव्याची वात तेल ओढते. चौथा प्रकार आपण विसरतो. बंद खोलीत दोरीवर वाळणारे कपडे, स्वयंपाकाची वाफ, आंघोळीचं गरम पाणी, ही सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. कपाटामागे काळी बुरशी येते ती बहुधा याच पाण्याची. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालून उपयोग नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खिडकी उघडा.

पाणी एकटं येत नाही, क्षार घेऊन येतं. भिंत सुकताना पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात आणि पांढरी भुकटी दिसते. यालाच लोणा लागणं म्हणतात. हा लोणा ओल्या फडक्याने पुसला तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा.

जुन्या पेठांतल्या घरांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कसबा, गंज, नाना, भवानी पेठेत अजून मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींची घरं उभी आहेत. दीड-दोन फूट जाडीच्या या भिंती कधीच पूर्ण कोरड्या नसतात. त्या पाणी घेतात आणि सोडतात, आणि याच हिशोबाने बांधलेल्या आहेत. आमच्या अम्मीच्या पिढीत दरवर्षी चुना मारायचे, त्यात थोडी नीळ टाकायचे. लोक म्हणायचे गरिबीचं काम आहे. पण चुन्याच्या थरातून वाफ बाहेर जाऊ शकते, म्हणून भिंत सुकत राहते. आता त्याच भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लॅस्टिक पेंट बसवला जातो. पाण्याची वाट बंद होते. पाणी मग आणखी वर चढतं, नाहीतर आतली माती भुसभुशीत करतं, आणि एक दिवस प्लास्टरचा अख्खा पत्रा हातात येतो. खालच्या तीन फुटांना टाइल्स लावून ओल झाकायचा प्रकारही असाच. टाइलच्या वर, चौथ्या फुटाला, ओल हजर होते. कुठल्याही जुन्या मशिदीच्या वजूखान्याची मागची भिंत बघा, हे लगेच कळेल.

तेव्हा जुनी भिंत असेल तर चुनाच बरा, असं आमचं मत आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. जुन्या ऑइल पेंट किंवा डिस्टेंपरवर चुना धरत नाही, तो खरवडून काढावा लागतो. आणि कळीचा चुना भिजवताना पाणी उकळून उडतं, डोळ्यांत गेलं तर इजा होते. बादलीजवळ मुलं नकोत.

भिंत सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. त्यासाठी बिनखर्चाची एक परीक्षा आहे. फूटभर लांब-रुंद जाड, पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. दोन्हीकडे कोरडं असेल तर पेंटरला फोन करा. भिजलेली भिंत साधारण महिन्याला एक इंच सुकते, असा बांधकामातला ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे नऊ इंची भिंत आतपर्यंत भिजली असेल तर तिला पंधरा दिवसांत रंग मागणं जास्तीचंच आहे. पाऊस पुण्यातून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्यानंतरचं कडक ऊन आपल्याला नकोसं होतं, भिंतीला मात्र तेच हवं असतं. आमच्या हिशोबाने ज्या भिंतीला ओल दिसली तिला डिसेंबर उजाडेपर्यंत हात लावू नये. बाकीच्या खोल्या खुशाल आधी करून घ्या.

आपल्यातल्या कोकणी कुटुंबांना हे समजवायची गरज नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. लाकडी होडी आधी सुकू देतात, मग फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळेने भरतात आणि सगळ्यात शेवटी रंग. तिथे क्रम चुकला तर होडी पाणी घेते, म्हणून कोणी क्रम चुकवत नाही. श्रीनगरच्या दल सरोवरात देवदारच्या हाऊसबोटींत माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांचंही गणित हेच. आपलं घर बुडत नाही, म्हणून आपण भेग तशीच ठेवून तिच्यावर रंग मारतो.

नदीकाठच्या घरांना मात्र वेगळा हिशोब लावावा लागतो. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, त्याच्या आठवणी पेठांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहेत. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी सोसायट्यांत शिरलं, ते तर सगळ्यांनी पाहिलं. पुराचं पाणी साधं नसतं, त्यात गटार असतं. अशा भिंतीचं प्लास्टर पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून वीट उघडी ठेवलेली बरी. बोर्ड आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. घर घेताना किंवा भाड्याने घेताना निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

आता पैशांचं. सोसायटीत राहणारे कितीतरी लोक गच्चीच्या गळतीचा खर्च मुकाट्याने स्वतः करतात. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. त्या पाण्याने तुमच्या छताचं प्लास्टर पडलं असेल तर तेही. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोचपावती घ्या. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून ठिबकत असेल तर तो दोन घरांमधला प्रश्न आहे. तिथे भांडणाआधी एक चहा पाजावा. वरच्या माणसाला आपल्या फरशीखाली काय चाललंय ते दिसतच नसतं.

हा फक्त दिखाव्याचा मामला असता तर आम्ही एवढं लिहिलं नसतं. ऑक्टोबरात आमच्या वर्गात काही मुलांच्या वह्यांना कुबट वास येतो, आणि बहुतेक वेळा त्याच मुलांचा खोकला जात नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे. बुरशी कोरडी झाडू नका, ती हवेत उडते. मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून ओल्या कपड्याने साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरायचं असेल तर त्यात टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटबद्दलही सांगायला हवं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. असा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा. पाळण्यातलं बाळ असेल तर त्या दिवसांत आई आणि बाळ नानीकडे गेलेले चांगले.

एक हिशोब आपल्या कॅलेंडरचाही आहे. आपण रंग काढतो तो बहुधा रमजान ईदच्या आधी. 2024 ला ईद एप्रिलमध्ये होती, 2025 ला 31 मार्चला. तोवर भिंती आपोआप सुकलेल्या असायच्या, म्हणून हा रिवाज निभावला गेला. पण चांद्रवर्ष दरवर्षी 10-11 दिवस मागे येतं. 2030 साली रमजान एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी सुरू होईल. 2036 पर्यंत तो ऑक्टोबरात पोचेल, म्हणजे पाऊस थांबल्या थांबल्या. त्या वर्षांत ईदच्या आधीची पुताई नेमकी ओल्या भिंतीवर पडेल. तेव्हा जानेवारी ते मे हेच रंगाचे महिने धरावेत आणि ईदसाठी पडदे, चादरी बदलाव्यात. या वर्षी घाई असेल तर निदान एवढं करा: पेंटर येण्याआधी गच्ची आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरून घ्या, आणि प्लॅस्टिकचा तो तुकडा आजच चिकटवा. परवा संध्याकाळी उघडून बघा.