जुळे शब्द वेगवेगळ्या बाकांवर

साताऱ्यात जून महिन्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानांवरच्या पाट्या जरा लक्ष देऊन वाचाव्यात. ‘स्टेशनरी’ हा शब्द इंग्रजीत लिहिताना शेवटून तिसरं अक्षर कुठे ‘ई’ असतं, कुठे ‘ए’. ‘ई’ असेल तर कागद-पेनं. ‘ए’ असेल तर जागचं न हलणारं. उच्चारात फरक नाहीच. सातारा-सांगलीकडच्या शाळांत इंग्रजी शिकवताना मी या चुकीबद्दल मुलांना कधी रागावले नाही, कारण मुळात हे दोन शब्द एकाच घरातले. मध्ययुगीन युरोपात बरेचसे विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठाजवळ कायमचं दुकान थाटून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, म्हणजे एका जागी बसणारा, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. आठवडी बाजारात पाल ठोकणारा वेगळा आणि पेठेत गाळा असणारा वेगळा, हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही.

गाइडांत मात्र असे शब्द दोन रकान्यांत शेजारीशेजारी छापतात. मुलं ते जोडीनं पाठ करतात, पेपरात दोन्ही एकदम आठवतात आणि कुठला कुठे, हेच नेमकं हरवतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीच्या वह्यांत याच जोड्या चुकलेल्या दिसतात. माझं म्हणणं असं, की जुळ्यांना एका बाकावर बसवू नका. एक शब्द त्याच्या कामाच्या जागी पक्का होऊ द्या. दुसरा दोन महिन्यांनी आणा, त्याच्या जागी.

‘प्रिन्सिपल’ घ्या. शेवटी ‘ए-एल’ असलेला मी सोसायटीच्या कर्जापासून सुरू करते. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल. उसाच्या बिलातून व्याज किती गेलं आणि मुद्दल किती फिटली, ही चर्चा घरोघरी चालते. मुख्य रक्कम तशी मुख्य व्यक्ती, म्हणून प्राचार्यांच्या दारावरही तेच स्पेलिंग. ‘एल-ई’वाला, म्हणजे तत्त्व, पुढे केव्हातरी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या धड्याबरोबर येतो. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली, आणि ‘कमवा आणि शिका’ हे तिथलं तत्त्व ठरलं. इंग्रजी पुस्तकं सांगतात, ‘प्रिन्सिपल’मधला ‘पॅल’ म्हणजे दोस्त लक्षात ठेवा. ज्या मुलाला ‘पॅल’च ठाऊक नाही, त्याला हे नवं ओझं. मुद्दल त्याला ठाऊक असते.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे, इतकी तिथली माणसं पिढ्यानपिढ्या फौजेत जातात. अशा गावांतल्या मुलांच्या कानावर ‘सिग्नल कोअर’ लहानपणापासून असतं. ते लिहिताना सी-ओ-आर-पी-एस लिहायचं. पी आणि एस बोलायचे नाहीत. शेवटी एक ‘ई’ वाढला की उच्चार होतो ‘कॉर्प्स’ आणि अर्थ होतो प्रेत. दोन्ही लॅटिन ‘कॉर्पस’पासून, म्हणजे शरीरापासून आलेले. फौजीच्या घरातल्या मुलानं वडिलांच्या दलाचं नाव लिहिताना तो ‘ई’ लागू नये, म्हणून हा एक शब्द मी वर्गातल्या प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे लिहून घेते.

तासगावकडे गोंधळ अक्षराचा नाही, ओठांचा आहे. द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू, दोन्ही आपल्या तोंडी ‘वाइन’. पलूसला तर वाइन पार्कच झालं, त्यामुळे शब्द सर्वांना माहीत. आपला ‘व’ इंग्रजीच्या दोन व्यंजनांच्या मधोमध पडतो: ओठ पुरते दातांना लागत नाहीत आणि पुरते गोलही होत नाहीत. वेल म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हवा घासून सोडायची. दारू म्हणताना दात दूर, ओठांचा चंबू. आपण ‘व्हॅन’ लिहितो आणि ‘वॉर्ड’ लिहितो, म्हणजे लिपीनं हा भेद केव्हाच ओळखला आहे. तोंडाला तेवढा लावायचा. गंमत अशी, की हे दोन्ही शब्दही लॅटिन ‘विनुम’च्या कुळातले. रोमन लोक आपला ‘व्ही’ ओठ गोल करून उच्चारत. त्या काळात उचललेल्या शब्दाचा ‘डब्ल्यू’ झाला. वेलाचा शब्द पुढे फ्रेंचमधून आला, तोवर तिथे ‘व्ही’ दातांवर गेला होता. ऑक्टोबरात फळछाटणी चालू असते, तेव्हा मी फक्त वेल शिकवते.

‘लूज’चंही तसंच. सैल म्हणजे ‘लूस’, दोन ‘ओ’ आणि शेवटी स. हरवणं-हरणं म्हणजे ‘लूझ’, एकच ‘ओ’. ‘लूज मोशन’ आपल्या जिभेवर आहे तोवर पहिला सुधारायला वेळ लागणार.

एका जोडीला मात्र माझा नियम लागू होत नाही. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’. मराठीत ‘उसनं’ एकच. दिशा ‘घेणं’ आणि ‘देणं’ सांगतं. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटातच असते. म्हणून मुलं पेन मागताना ‘मला बॉरो कर’ म्हणतात. हा व्यवहार दोघांशिवाय होत नाही, तेव्हा इथे दोघांना समोरासमोरच उभं करते. घेणारी हात पुढे करून ‘मे आय बॉरो’ म्हणते, देणारी ‘आय विल लेंड’ म्हणत पेन हातावर ठेवते. मग पेन दुसरीकडे ठेवून जागा बदलायच्या आणि पुन्हा म्हणायचं, आता पट्टी मागत.