हॉल गेला, खोल्या आल्या

पूर्वी एप्रिल महिन्यात पोस्टमन एक लांबट पांढरा लिफाफा आणून द्यायचा. आता तोच निरोप मोबाइलवर येतो. मजकूर तोच : वार्षिक देखभाल शुल्क अमुक तारखेपर्यंत भरावे, म्हणजे आपल्या हक्काच्या आठवड्याचे आरक्षण करता येईल. निरोप आला की आमच्या घरी एक ठरलेला संवाद होतो. हे चष्मा वर करून विचारतात, "भरायचे का यंदा?" आणि मी म्हणते, "भरा. आता राहिलंय तरी किती!" आमचा करार तेहतीस वर्षांचा. १९९४मध्ये केलेला, २०२७मध्ये संपणारा.

त्याआधी आमच्या यवतमाळकरांचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा. विदर्भात दुसरं आहे तरी कुठे? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला आणि कूलरमधून गरम वारा येऊ लागला की ज्याला जमेल तो दोन दिवस मेळघाटच्या त्या डोंगरावर जाऊन यायचा. १९९४ साली मात्र शहरातल्या एका हॉटेलात एका कंपनीने चहापानाचं निमंत्रण दिलं. 'जोडप्याने यावे' अशी अट होती आणि येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला डब्यांचा संच भेट. खरं सांगते, आम्ही डब्यांसाठी गेलो आणि सह्याद्रीतल्या एका रिसॉर्टमधला वर्षाचा एक आठवडा विकत घेऊन आलो. पासष्ट हजार रुपये, हप्त्यांनी. यांची नोकरी जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत, माझी शाळेत. थोरल्या दिरांनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खोली विकत घेतलेली ऐकली होती, खोलीचा आठवडा विकत घेतलेला प्रथमच ऐकतो."

टाइमशेअर म्हणतात तो हा प्रकार. साठच्या दशकात फ्रान्समधल्या आल्प्सच्या बर्फाळ डोंगरात तो सुरू झाला. एकच खोली अनेक कुटुंबांनी मिळून घ्यायची आणि वर्षाचे आठवडे वाटून घ्यायचे. १९७४मध्ये अमेरिकेत डीहान नावाच्या दांपत्याने आरसीआय ही कंपनी काढली आणि एका गावचा आठवडा दुसऱ्या गावच्या आठवड्याशी बदलून घेण्याची सोय झाली. ऐंशीच्या दशकात ही कल्पना भारतात आली. पुढे १९९६मध्ये महिंद्रांसारखा मोठा समूहही या धंद्यात उतरला. आमची कंपनी त्याआधीची आणि लहान. तिचं नाव इथे सांगत नाही; भांडण काढायचा हेतू नाही.

पहिली दहा-बारा वर्षं पैसे वसूल झाले, असंच मी म्हणेन. एसटीने धामणगाव गाठायचं, तिथे विदर्भ एक्स्प्रेस पकडायची आणि पुढे पुन्हा एसटी. पोचेपर्यंत अंगाचा भुगा व्हायचा. पण संध्याकाळी सात वाजता रिसॉर्टच्या हॉलमध्ये पेटी-तबल्याचा आवाज निघाला की शीण विसरायला होई. हॉल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी उघडा, पुढे हातभर उंचीचं स्टेज आणि दोनशे खुर्च्या. एक दिवस हाऊजी, एक दिवस जादूचे प्रयोग, एक दिवस ऑर्केस्ट्रा आणि शनिवारी पाहुण्यांचाच कार्यक्रम. कुणी नकला करी, कुणी नाट्यगीत म्हणे.

आम्ही यवतमाळची माणसं. आमच्या गावचा नवरात्रातला दुर्गोत्सव विदर्भभर प्रसिद्ध. मांडवात चार लोकांत बसून संध्याकाळ घालवायची आम्हाला सवय. तो हॉल आम्हाला आपला वाटला, यात नवल नाही. आमची धाकटी सात वर्षांची असताना आयुष्यात पहिल्यांदा लोकांपुढे गायली ती त्या स्टेजवर. कडवं विसरली, रडू लागली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या सोलापूरच्या एका बाईंनी बसल्या जागेवरून पुढची ओळ उचलून दिली. त्या कुटुंबाशी आमचा आजही जाण्यायेण्याचा संबंध आहे.

मग अडचण कुठे आली? आमच्याच मागणीत आली. सभासद वाढत गेले आणि मे महिन्यातली खोली मिळेनाशी झाली. शाळेला सुट्टी मेमध्ये, ऊन मेमध्ये. जुलैच्या धुवाधार पावसातला आठवडा घेऊन आम्ही काय करणार? लागोपाठ दोन वर्षं नकार आला तेव्हा मी स्वतः कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : 'सभासद घेता तर खोल्याही बांधा.'

२०११च्या मे महिन्यात खोली मिळाली. सामान टाकून सवयीने हॉलकडे वळलो, तर तिथे पायऱ्या नव्हत्या, स्टेज नव्हतं. त्या जागी तीन मजली नवी इमारत, चोवीस खोल्या. स्वागतकक्षातला मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, मेंबर लोकांचीच डिमांड होती." मी काय बोलणार? माझंच पत्र त्याने मला वाचून दाखवल्यासारखं झालं. त्या रात्री प्रत्येक खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता.

घरी आल्यावर यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वर्षाचे बावन्न आठवडे, त्यातला एक दुरुस्तीसाठी सोडला तर एका खोलीचे एक्कावन्न आठवडे विकता येतात. चोवीस खोल्या म्हणजे एक हजार दोनशे चोवीस कुटुंबं. प्रत्येकाचे पैसे आधी हातात, शिवाय दरवर्षी देखभालीचं शुल्क. आणि हॉलकडून काय येतं? वादकांची बिदागी द्या, दिवे लावा, खुर्च्या झाडा. ऑर्केस्ट्राचा आठवडा कोणी तेहतीस वर्षांसाठी विकत घेत नाही. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर हॉल पाडणंच शहाणपणाचं. फक्त त्या बाराशे चोवीस कुटुंबांनी संध्याकाळी सातनंतर कुठे बसायचं, ते त्या हिशेबात कुठेच येत नाही.

हे आपल्याकडच्या लहान कंपनीचं झालं असं मी समजत होते. माझा भाचा फ्लोरिडात असतो. २०१८मध्ये त्याने माझ्या ताईला तिथल्या डिस्नी वर्ल्डमधल्या पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये नेलं होतं. हे हॉटेल १९७१पासूनचं. तिथे 'लुआउ कोव्ह' नावाच्या मोकळ्या मांडवात रात्री जेवणासोबत 'स्पिरिट ऑफ अलोहा' हा पॉलिनेशियन नाच-गाण्यांचा कार्यक्रम होत असे. पेटते पलिते फिरवत नाचणारा तरुण पाहून ताईने हातातला घास तसाच धरून ठेवला होता म्हणे. मार्च २०२०मध्ये करोनामुळे कार्यक्रम थांबला तो कायमचाच. २०२२मध्ये जाहीर झालं, की त्या जागी टाइमशेअरची नवी इमारत होणार. १७ डिसेंबर २०२४ला तो 'आयलंड टॉवर' सुरूही झाला. तिथले हक्क २०६६पर्यंतचे आहेत. ताईला बातमी सांगितली तर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या हॉलचंच झालं की गं!"

इतकी वर्षं कपाटात पडलेला आमचा करार त्यानंतर मी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. खोलीचा प्रकार लिहिलेला आहे, पलंग किती, स्वयंपाकाची भांडी किती, तेही आहे. हॉलचा उल्लेख एकदाच, 'इतर सोयी' या सदरात. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, की या सोयी बदलण्याचा वा बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. फसवणूक म्हणावी तर सही आमचीच.

युरोपात १९९४मध्येच, म्हणजे आम्ही सही केली त्याच वर्षी, नियम झाला, की असा करार केल्यावर ग्राहकाला किमान दहा दिवस फेरविचाराला मिळावेत. पुढे ते चौदा झाले. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पण तिथेही पहिला प्रश्न हाच, की कबूल काय केलं होतं? म्हणून कुणी तरुण जोडपं मला विचारतं तेव्हा मी सांगते : खोली तर बघाच; पण संध्याकाळी चार माणसं जिथे जमतात ती जागा कागदावर कुठे आहे ते आधी शोधा. नसेल तर लिहून मागा. आणि सही त्या दिवशी करू नका, भेटीचे डबे मिळोत वा न मिळोत.

यंदाही शुल्क भरलं. मागच्या खेपेला धाकटीची मुलगी बरोबर होती. रात्री वीज गेली आणि सगळे टीव्ही एकदम बंद पडले. माणसं खोल्यांतून बाहेर आली, नव्या इमारतीच्या जिन्यावर टेकली. कुणीतरी अंताक्षरी सुरू केली. नात आईच्या मांडीवर बसून म्हणाली, "आई, तू म्हण ना." धाकटी म्हणू लागली आणि नेमकं तेच कडवं पुन्हा विसरली. पुढची ओळ या वेळी मी दिली.