बोट ओढताना पिकअपचं तोंड वर उचलतंय? आधी वजन, मग हवा, शेवटी सस्पेन्शन



बंदी उठली की भेस्तानहून उधना-मगदल्ला रोडने डुमसकडे छोट्या बोटी ट्रॉलीवर निघतात. बोट जोडली की पिकअप मागे बसते आणि पुढून उचलते. मग काही जण गॅरेजला जाऊन पुढची उंचीच कमी करून घेतात. गाडी दिसायला सरळ होते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन त्याने परत येत नाही. स्टेअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत, रात्री लाईट समोरच्याच्या डोळ्यात जाते. केबिनमध्ये आपलीच माणसं बसलेली असतात, म्हणून हे लिहितोय.

हिशोब असा. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आणि हूक मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे धरा. हूकवर १०० किलो भार आला तर पुढच्या चाकांवरून ४० किलो कमी होतात आणि मागच्यांवर १४० किलो वाढतात. हूकवर २५० किलो आले तर पुढून १०० किलो गेले!

१) वजन : बोट, मशीन, ट्रॉली मिळून धरमकाट्यावर तोला. त्याच्या साधारण १० टक्के भार हूकवर हवा, पण गाडीच्या पुस्तकात आणि हूकवर दिलेल्या मर्यादेच्या आत. हा भार मासळीच्या प्लॅटफॉर्म काट्यावर मोजता येतो. सपाट जागेवर ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रॉलीचं तोंड गाडीच्या हूकइतक्याच उंचीवर टेकवा. भार जास्त आला तर बोट किंवा जाळी, बर्फाची पेटी थोडी मागे सरकवा. कमी आला तर पुढे घ्या. मागे मशीन असतंच, त्यात सगळं सामान मागे भरलं तर ट्रॉली रस्त्यावर डुलते. डुलायला लागली तर स्टेअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जोरात ब्रेक मारू नका.

२) हवा : टायर थंड असताना भरा. भरलेल्या गाडीचा आकडा दाराजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. ट्रॉलीचे टायर वर्षभर उभे राहून चिरतात, तेही बघा. टायरवर २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की टायर बदलाच.

३) उंची : चारही मडगार्डची जमिनीपासूनची उंची बोट जोडण्याआधी आणि नंतर टेपने मोजा. वजन नीट करूनही मागून फार बसत असेल तर मागचे पाटे थकलेत का ते दाखवा. जास्तीचा पाटा टाकला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. पुढे टॉर्शन बार असेल आणि तो फिरवलाच, तर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाईट दोन्ही तपासून घ्या. नाहीतर टायर एका कडेने खातो.

आणि एक गोष्ट. मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीसुद्धा वाहनच आहे. तिची नोंदणी, मागचे दिवे आणि साखळी बघूनच निघा.

सोसायटीचा काटा सभासदांसाठी मोकळा आहे. रविवारी सकाळी ट्रॉली घेऊन या, हूकवरचा भार आम्ही फुकट तोलून देऊ.

– सेक्रेटरी, सोसायटीतर्फे