रुग्णालय-संकुल : नियोजन व अभिकल्प

रुग्णांची तपासणी, उपचार व शुश्रूषा आणि त्यांना पूरक अशा सेवा यांसाठी एकाच आवारात परस्परांशी जोडून उभारलेल्या इमारतींच्या समूहास रुग्णालय-संकुल म्हणतात. कचेरी वा शाळा यांच्या तुलनेने या इमारतींचा अभिकल्प पुष्कळच गुंतागुंतीचा असतो. रुग्णालय दिवसाचे चोवीस तास चालते. त्यात निवासस्थान, प्रयोगशाळा, भटारखाना, धुलाईघर, कोठार व विद्युत् केंद्र यांना एकत्र नांदावे लागते आणि तेथे येणारा बहुधा स्वतःच्या पायांनी धड चालू शकत नसतो. यांखेरीज दोन प्रश्न मूलभूत स्वरूपाचे आहेत. पहिला असा, की ज्या जागी रोगी एकत्र येतात, ती जागाच रोग पसरविण्याचे साधन होऊ शकते. दुसरा असा, की चांगल्या बांधणीची इमारत ५० ते १०० वर्षे टिकते, तर उपचारांची साधने व पद्धती दहा-पंधरा वर्षांत पालटतात. संकुलाचा आराखडा चांगला की वाईट, हे मुख्यतः या दोन प्रश्नांची त्यात काय सोडवणूक केली आहे, यावरून ठरते.

ऐतिहासिक आढावा : पॅरिस येथील ओतेल-द्यू या प्राचीन रुग्णालयास १७७२ मध्ये मोठी आग लागली. त्याच्या पुनर्बांधणीसंबंधीच्या वादातून झाक तनों (१७२४–१८१६) या शस्त्रक्रियातज्ज्ञाने पॅरिसमधील रुग्णालयांची पाहणी करून १७८८ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. एकाच खाटेवर अनेक रुग्ण निजविले जात असल्याचे त्याने साधार दाखवून दिले. तत्पूर्वी तो इंग्लंडला जाऊन आला होता व प्लिमथजवळच्या स्टोनहाउस येथील नौदल रुग्णालयाने प्रभावित झाला होता. १७६० च्या दशकात पुऱ्या झालेल्या त्या रुग्णालयात एका प्रचंड वास्तूऐवजी सुट्या इमारती असून त्या खुल्या प्रांगणाभोवती मांडलेल्या होत्या. या मांडणीतूनच पुढे ‘मंडप पद्धती’ विकसित झाली. पॅरिसचे लारिब्वाझ्येर रुग्णालय (१८५४) हे तिचे ठळक उदाहरण होय.

क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) या विचारास अनुभवाची जोड मिळाली. स्कूटारी येथे तुर्की लष्कराच्या बराकीत ब्रिटिश सैनिकांसाठी रुग्णालय थाटण्यात आले होते. बराक भव्य होती. पण तिच्याखालील गटारे तुंबलेली व वायुवीजन अपुरे होते. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे धुऊन काढली, हवेला वाट करून दिली व त्यानंतर मृत्युप्रमाण झपाट्याने घटले. त्याच वर्षी इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल (१८०६–५९) या अभियंत्याने रेंकिऑय येथील रुग्णालयाचा अभिकल्प केला. सु. ५० खाटांची लाकडी इमारत हे त्याचे एकक होते. प्रत्येक एककात शौचालय, पाणी व हवा खेळविणारा पंखा यांची स्वतंत्र सोय असून सर्व एकके एका लांब आच्छादित मार्गाने जोडलेली होती. सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने पाठविण्यात आले. तेथील मृत्युप्रमाण स्कूटारीच्या मानाने फारच कमी राहिले. अर्थात तेथे पोहोचलेले रुग्ण प्रवास सोसू शकलेले होते, त्यामुळे सर्व श्रेय इमारतीला देता येणार नाही. तथापि मार्गाच्या टोकाला हवी तितकी एकके जोडत जाण्याची ब्रूनेल यांची कल्पना काळाच्या शंभर वर्षे पुढे होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथात मंडप पद्धतीचे नियम सांगितले. सु. ३० खाटांचा लांबट कक्ष, दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर खिडक्या, शौचालये टोकाला आणि दोन इमारतींतील अंतर त्यांच्या उंचीच्या दुप्पट, अशी ही रचना होती. रोग दूषित हवेमुळे होतात, या समजुतीवर ती आधारलेली होती. समजूत चुकीची ठरली, पण रचना उपकारक ठरली. लंडनचे सेंट टॉमस रुग्णालय (१८७१) या धर्तीवर बांधले गेले. भारतातील त्या काळच्या अनेक रुग्णालयांतही उंच छत, व्हरांडे आणि समोरासमोर खिडक्या आढळतात. पुढे जंतुसिद्धांत प्रस्थापित झाला, उद्वाहक व पोलादी सांगाडा उपलब्ध झाला आणि शहरांतील जमीन महागली. परिणामी १९२० नंतर अमेरिकेत आणि मग अन्यत्र मंडपांची जागा बहुमजली इमारतींनी घेतली. चालण्याचे अंतर वाचले. खिडकीची हवा मात्र गेली.

पूर्वतयारी व जागेची निवड : संकुलाचे नियोजन नकाशापासून नव्हे, तर गरजांच्या लेखी तपशिलापासून सुरू होते. किती लोकवस्तीसाठी, कोणत्या दर्जाची सेवा, रोज किती बाह्यरुग्ण, किती खाटा व कोणत्या विभागांत, हे वैद्य, परिचारिका, प्रशासक, वास्तुशिल्पज्ञ व अभियंते यांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. या कामात परिचारिकांना बोलावण्याचे पुष्कळदा राहून जाते. वस्तुतः इमारतीत सर्वाधिक वावर त्यांचाच असतो. इंग्लंडमध्ये नफील्ड न्यासाच्या १९५५ च्या अहवालासाठी परिचारिकांच्या हालचालींच्या नोंदी घेऊन कक्षांची मांडणी तपासण्यात आली, तेव्हापासून या विषयाला शास्त्रीय बैठक लाभली. भारतीय मानक संस्थेने १९८४ मध्ये सर्वसाधारण रुग्णालयांच्या इमारतींसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. सार्वजनिक रुग्णालयांसाठीची राष्ट्रीय मानके २००७ मध्ये निघाली व २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारण्यात आली.

जागा पूररेषेच्या वर, दोन बाजूंनी रस्ता असलेली व सार्वजनिक वाहनांनी पोहोचता येईल अशी असावी. गावाबाहेर स्वस्त वा फुकट मिळालेली जमीन पुढे महाग पडते. कारण बसभाड्याचा व बुडालेल्या रोजगाराचा भार रुग्णावर पडतो. पाण्याची गरज मोठी असते. भारतीय मानकांनुसार १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयास दर खाटेमागे रोज ३४० लि. व त्याहून मोठ्या रुग्णालयास ४५० लि. पाणी धरतात.

मार्ग : खोल्यांच्या आधी वाटा आखाव्यात, हे या शास्त्रातील पहिले सूत्र मानता येईल. बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, अपघातग्रस्त, भेटीस येणारे, कर्मचारी, अन्न, औषधे, धुतलेले व मळलेले कपडे, कचरा आणि मृतदेह या सर्वांचे प्रवाह अहोरात्र वाहत असतात. यांतील काही एकत्र आले तरी चालतात, काही कधीही येऊ देता कामा नयेत. निर्जंतुक उपकरणांची पेटी व मळक्या चादरींची गाडी एकाच उद्वाहकातून गेली, तर शस्त्रक्रियागृहाच्या शुद्धतेवर केलेला खर्च वाया जातो. शवागाराकडे जाणारी वाट प्रसूतिकक्षासमोरून नेणे, हा जंतूंचा नव्हे तर माणुसकीचा प्रश्न आहे, आणि तोही नकाशावरच सोडवावा लागतो. रुग्णवाहिकेसाठी स्वतंत्र प्रवेश असावा. अपघात विभागापासून क्ष-किरण विभाग, रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग यांच्याकडे जाणारा मार्ग अगदी लहान व शक्यतो वळणांविना असावा.

मुख्य मार्गिकेची रुंदी किमान २.४ मी. ठेवतात, म्हणजे दोन रुग्णशय्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. उतरणीचा चढ १:१२ पेक्षा जास्त नसावा. वीज गेल्यावर वा आग लागल्यावर रुग्णाला खाली आणण्याचे तेवढेच साधन उरते, म्हणून केवळ उद्वाहकांवर विसंबणे योग्य नाही. एवढे करूनही वाट सापडणे सोपे असावे लागते. नवख्याला तीनदा विचारावे लागत असेल, तर दोष त्याचा नसून आराखड्याचा असतो, मग फलक कितीही लावलेले असोत.

विभागांची मांडणी : बाह्यरुग्ण विभागात गर्दी सर्वाधिक असते, म्हणून तो प्रवेशद्वाराजवळ तळमजल्यावर ठेवतात. प्रयोगशाळा व क्ष-किरण विभाग बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण या दोहोंना जवळ पडतील असे मध्यावर असतात. चुंबकीय प्रतिमादर्शन यंत्र उद्वाहक, वाहनतळ व जड हलती यंत्रे यांपासून दूर लागते. किरणोपचाराच्या यंत्रासाठी मीटर-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात व अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुमती घ्यावी लागते. ती बांधकामापूर्वीच घेतलेली बरी. शस्त्रक्रियागृहे कोणाचीही जाण्या-येण्याची वाट होणार नाहीत अशा टोकाच्या जागी असतात.

हवा : शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले असता हवा बाहेर जाते. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण खोलीत याउलट दाब कमी ठेवून तासाला किमान १२ वेळा हवा बदलतात. या दोन्ही व्यवस्था यंत्रांवर अवलंबून असल्याने त्या मोजक्या ठिकाणीच ठेवणे शहाणपणाचे असते. सर्वसाधारण कक्षांना समोरासमोर खिडक्या देणे आपल्या हवामानात शक्य आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या कोविड महामारीने या गोष्टीचे महत्त्व पुन्हा पटवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाच्या कक्षांसाठी प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लि. हवेची शिफारस केली. बंद काचेच्या इमारतीत वातानुकूलन थांबले की हवाही थांबते. जुन्या दगडी रुग्णालयांत तसे होत नाही.

आपत्ती व सुरक्षितता : इतर इमारतींतून माणसे आग लागताच बाहेर धावतात, रुग्णालयात मात्र कृत्रिम श्वसनावर असलेल्यास किंवा काचपेटीतील अर्भकास दुसऱ्यानेच उचलून न्यावे लागते. म्हणून प्रत्येक मजल्याचे अग्निरोधक भिंतींनी किमान दोन भाग करतात, म्हणजे एका भागातील रुग्णांना त्याच पातळीवरून दुसऱ्या भागात ढकलत नेता येते. कोलकाता येथील एका खाजगी रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये आग तळघरात लागली होती. वर गेलेल्या धुराने सु. ९० जण दगावले. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशुकक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत १० अर्भके मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी नासिकच्या एका रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन पुरवठा खंडित झाला व २० हून अधिक रुग्ण दगावले. प्राणवायूच्या वाहिनीला स्वतंत्र दुसरा स्रोत आणि विभागवार झडपा असणे ही म्हणूनच चैन नव्हे.

यंत्रसामग्री कोठे ठेवली, याचाही निर्णय जीवनमरणाचा ठरतो. न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाचे विद्युत् जनित्र तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. पण २०१२ च्या सँडी वादळात तळघरातील इंधनपंप बुडाले व माणसांना जिन्यावरून इंधन वाहून न्यावे लागले. कच्छमधील २००१ च्या भूकंपात भूज येथील जिल्हा रुग्णालय कोसळले, तेही त्याची सर्वाधिक गरज असताना. तेथे २००४ मध्ये उघडलेली नवी इमारत पाया व वरील बांधकाम यांमध्ये रबर-शिशाच्या बैठका बसवून उभारली आहे. त्यामुळे जमिनीचे हेलकावे वर कमी प्रमाणात पोहोचतात. भूकंपरोधक अभिकल्पाच्या भारतीय मानकांत रुग्णालयांसाठी सामान्य घरांच्या दीडपट महत्त्वांक धरला आहे.

वाढीची तरतूद : बहुतेक संकुलांत वाढीची जागा दाखविली जाते व ती वाहनतळाने किंवा तात्पुरत्या पत्र्याच्या शेडने व्यापली जाते. जॉन वीक्स या ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञाने लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयासाठी (१९७०) निराळा मार्ग स्वीकारला. पुढे काय लागेल हे सांगता येत नाही, हे गृहीत धरून त्याने रस्त्यासारख्या एका मुख्य मार्गिकेवर सुट्या इमारती जोडल्या व त्यांची टोके वाढविता येतील अशी ठेवली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान केंद्रात (१९७२) मजल्यांच्या दरम्यान नळ, तारा व वायुनलिका यांसाठी स्वतंत्र सेवा-मजले ठेवले आहेत. त्यामुळे रुग्णांना न हलविता दुरुस्ती करता येते. ही पद्धत खर्चिक आहे. भारतातील मध्यम रुग्णालयास पहिला मार्गच अधिक परवडणारा होय. खांबांतील अंतर सर्वत्र सारखे, मधल्या भिंती भार न पेलणाऱ्या आणि नळ-तारांच्या कूपिका दार उघडून आत शिरता येतील अशा, एवढे पाळले तरी बरेच साधते. वाढ कल्पिलेल्या टोकालाच होते असे नाही. म्हणून कोठारे व कचेऱ्या ही हलविण्यास सोपी दालने यंत्रांनी भरलेल्या विभागांच्या शेजारी ठेवतात.

रुग्ण व नातेवाईक : फिनलंडमधील पाइमिओ क्षयरुग्णालयाचा (१९३३) अभिकल्प करताना आल्व्हार आल्तो (१८९८–१९७६) यांनी रुग्ण दिवसभर आडवा असतो, ही साधी गोष्ट प्रमाण मानली. छताचा रंग सौम्य ठेवला, दिवे डोळ्यांवर येणार नाहीत असे बसविले, हात धुण्याच्या भांड्यातील पाण्याचा आवाज होणार नाही असा त्याचा आकार योजला. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते थोडे लवकर घरी गेले.

पाश्चात्त्य आराखडे जसेच्या तसे उचलल्याने आपल्याकडे एक मोठी उणीव राहते, ती नातेवाइकांची. रुग्णाबरोबर एक-दोन माणसे येतात, औषधे आणतात, त्याला भरवतात, रात्री उशाशी किंवा व्हरांड्यात निजतात. शुश्रूषेचा मोठा भाग तेच करीत असतात. आराखड्यात त्यांना जागा नसेल, तर ते जिन्यांत व मार्गिकांत बसतात, आणि सुटकेच्या वाटा नेमक्या तेथेच अडतात. धर्मशाळा, अंघोळीची व कपडे वाळविण्याची सोय, स्वस्त जेवण, रात्रभर उघडे औषधालय आणि कक्षाबाहेर बसण्याची सावलीची जागा यांचे क्षेत्रफळ म्हणूनच गरजांच्या पहिल्या तपशिलात खाटांच्या संख्येबरोबरच मांडावे लागते.