लालबागचं हनुमान थिएटर का बंद पडलं, आणि त्याचा भिवंडीशी काय संबंध?

(ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'म्हणजे', 'असं बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट लालबागची आहे, पण सांगतोय भिवंडीत बसून, आणि मुद्दाम. कारण तिचा शेवट इथंच येऊन होतो.

लालबागला हनुमान थिएटर होतं. सिनेमाचं नाही, तमाशाचं. गिरणी कामगार तिकीट काढून तिथं तमाशा बघायला जायचे. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात नेराळे कुटुंबाने ते उभं केलं. पुढे शाहीर मधुकर नेराळे यांनी ते चालवलं आणि १९९० च्या दशकात ते बंद झालं. का बंद पडलं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "टीव्ही आला ना!" मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

आधी प्रेक्षक कोण होता ते बघू

लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी, शिवडी हे सगळं मिळून गिरणगाव. साठेक गिरण्या आणि १९८२ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास कामगार. यातले बरेच जण एकटे राहायचे, बायकापोरं गावाला. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा माणसं, झोपायचं ते पाळीपाळीने. जेवण खानावळीत. अशा खोलीत निवांत बसायला जागाच नसते, त्यामुळे मोकळा वेळ बाहेरच जायचा. तालीम, भजनी मंडळ, युनियनची सभा, शाहिरांचे कार्यक्रम. अण्णा भाऊ साठे, अमर शेख याच वस्तीतून मोठे झाले.

आवडीही गावाप्रमाणे होत्या. कोकणातल्या कामगारांचा ओढा नाटकाकडे, त्यांच्यासाठी परळचं दामोदर नाट्यगृह होतं, १९२२ पासूनचं. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगरकडच्या घाटावरच्या माणसांना तमाशा हवा असायचा. मुंबईत तमाशा आधीपासून होताच. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी पिला हाऊसचा परिसर गाजवला होता. १९४८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि वगाची संहिता तपासून घ्यायची अशा अटींवर तमाशा परत सुरू झाला. हनुमान थिएटरची सुरुवात साधारण याच काळातली.

थिएटर कशावर चालतं?

आता मी इंजिनियर माणूस, मला "चालतं" म्हटलं की कशावर चालतं ते बघायची सवय आहे. माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, ठरलेली वेळ. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला लागायची आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटायची. रात्रपाळी बाराला. भोंगा झाला की माणूस मोकळा. म्हणजे रोज संध्याकाळी हजारो लोकांकडे एकाच वेळी काही तास असायचे.

दुसरी, ठरलेला पगार. बदली कामगारांचं सोडा, पण कायम कामगाराला महिन्याचा पगार, फंड, दिवाळीला बोनस हे माहीत असायचं. पैसे कमी असले तरी कधी येणार ते नक्की होतं.

तिसरी, अंतर. चाळ, गिरणी, खानावळ, थिएटर सगळं चालत जाण्याइतकं. आणि शेजारी बसलेला माणूस आपल्याच खात्यातला.

या तिसऱ्या गोष्टीचा तमाशाशी थेट संबंध आहे. तमाशात गण, गौळण झाली की बतावणी येते. त्यात सोंगाड्या हजरजबाबी बोलतो, समोर कोण बसलंय ते ओळखून कोपरखळ्या मारतो. सिनेमाचं रीळ लालबागला आणि लातूरला सारखंच, बतावणी मात्र तशी नसते. तिला प्रेक्षक ओळखीचा लागतो.

मग १९८२

आता गंमत बघा. १९८२ साली दोन गोष्टी झाल्या. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आणि त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ कॅसेटचाही तोच काळ. दोन बदल एकदम झाले की खरं कारण शोधणं अवघड होतं. आमच्याकडे कोडमध्ये असं झालं की आम्ही एक बदल बाजूला ठेवून तपासतो.

तसं इथंही करता येतं. टीव्ही फक्त लालबागला आला का? नाही, तो नारायणगावलाही गेला आणि कराडलाही. तरी रघुवीर खेडकर, मंगला बनसोडे यांचे फड तंबू घेऊन जत्रांमधून फिरत राहिले. अडचणी त्यांनाही आल्या, पण फड उभे राहिले. म्हणजे टीव्हीने प्रेक्षक कमी केला असेल, पण तेवढ्याने तमाशा संपत नाही. लालबागला जास्तीचं काय झालं? लाखभर तरी कामगारांची नोकरी कायमची गेली. कोणी गावी परतला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला. वेळ आणि पगार दोन्हींचा भरवसा गेला, आणि पुढे वस्तीही विखुरली.

१९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी वापरायचा रस्ता खुला केला. त्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग सुरू झालं. म्हणजे करमणूक गिरणगावातून गेली नाही, फक्त तिचं तिकीट कोणाला परवडणार ते बदललं.

आणि भिवंडी

कापड विणायचं थांबलं का? नाही, ते आपल्याकडे आलं. ही सुरुवात संपाच्या आधीच झाली होती. यंत्रमागावर मजुरी कमी पडायची आणि गिरण्यांना लागू असलेले बरेच नियम लहान कारखान्यांना नव्हते. संपाच्या काळात तर गिरण्यांनी इथून कापड विणून घेतलं आणि त्यावर आपला शिक्का मारला.

मग लालबागचं काम आपल्याकडे आलं, तर लालबागचं थिएटर का आलं नाही? त्या तीन गोष्टी लावून बघा. इथं पाळी बारा तासांची, आठवडाभर दिवसपाळी तर पुढे रात्रपाळी. मजुरी मीटरवर, म्हणजे वीज गेली की तेवढी कमाई गेली. एकेका शेडमध्ये मोजके माग, सगळ्या शहराचा एक भोंगा नाही. कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा, आणि इथलाही. कोणत्या भाषेत बतावणी करणार? त्यामुळे मागवाल्या गावांत चाललं ते व्हिडिओ सेंटर. ते छोटं, स्वस्त, कधीही जा, कधीही उठा. मालेगावात अशाच व्हिडिओ पार्लरमधून नासिर शेख यांच्यासारखे लोक स्वतःचे सिनेमे काढायला लागले. आता ते सेंटरही गेलं, हातात मोबाईल आला.

भिवंडीत नाट्यगृह बांधलं गेलं नाही असं नाही. मीनाताई ठाकरे रंगायतन आहे. पण त्याच्या बातम्या नाटकांपेक्षा दुरवस्थेच्याच जास्त येतात. इमारत दुरुस्त व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. पण बारा तास माग चालवून आलेला माणूस तिथं कधी जाणार, हा प्रश्न रंग दिल्याने सुटत नाही.

आणि दामोदर? तेही पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस बंद झालं. नाट्यकर्मींनी आवाज उठवला, नवीन नाट्यगृहाबद्दल बोलणी झाली. अशा वेळी आपण खुर्च्या किती ते विचारतो, बरोबरच आहे. त्याच्या पुढचा प्रश्नही विचारूया, की त्या खुर्चीवर बसायला कोणाकडे वेळ उरलाय? हनुमान थिएटरकडून मी तरी एवढंच शिकलो. लोकांना आवड नसते म्हणून थिएटर ओस पडतं असं आपण पटकन म्हणतो, आणि त्यांची पाळी किती तासांची आहे ते बघत नाही.

तुमच्या घरात कोणी हनुमान थिएटरला तमाशा बघितला असेल, किंवा भिवंडीतल्या व्हिडिओ सेंटरची आठवण असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, मराठी, हिंदी, तेलुगू, कुठल्याही भाषेत. पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया, नमस्कार.