लेखनसाधने, पिढीजात

लेखनसाधने, पिढीजात : कुटुंबात वारसाने आलेली दौत, कलमदान, बोरू, टाक, झरणी, शिक्का, रूळ, चाकू इ. लेखनोपयोगी साधने. महाराष्ट्रात कुलकर्णी, देशपांडे, सावकार व व्यापारी यांच्या घरी दप्तर असे आणि दप्तराच्या रुमालांबरोबर ही साधनेही टिकून राहिली. त्यांची ओळख पटविताना धातुकाम, मुद्रित खुणा आणि शाई या तिहींचा विचार करावा लागतो. घरातील परंपरागत माहितीही मोलाची असते. मात्र वस्तू कोणी वापरली हे ती जितक्या खात्रीने सांगते, तितक्या खात्रीने वस्तू केव्हा घडली हे सांगत नाही. आजोबांनी वापरलेली दौत त्यांच्या आजोबांची ठरण्यास दोन पिढ्यांच्या आठवणी पुरतात.

कालनिश्चितीचे मूलतत्त्व असे, की वस्तूवरील कोणतीही खूण तिच्या काळाची अलीकडची नव्हे, तर पलीकडची मर्यादा दाखविते. म्हणजे वस्तू त्या खुणेच्या आरंभकाळापूर्वीची नाही, एवढेच सिद्ध होते. एका वस्तूवर अनेक खुणा असतील, तर त्यांतील सर्वांत उत्तरकालीन खूण निर्णायक मानावी. ‘पेशवाईतील’ म्हणून जपलेल्या दौतीच्या बुडाशी ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे असतील, तर ती दौत पेशवाईची असणे शक्य नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तर मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची प्रथा ब्रिटनचा १८८७ चा व्यापारचिन्हविषयक कायदा व अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा यांनंतर सर्वत्र रूढ झाली. नंतर केलेली दुरुस्ती मात्र वेगळी काढली पाहिजे. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकांतील असतो. तो एका बिजागरीत असल्याने सगळी पेटी नवी ठरत नाही.

देशी साधनांत पितळी कलमदान सर्वांत टिकाऊ. लांबट डबीत बोरू व चाकू आणि तिच्या टोकाशी डाख लावून जोडलेली झाकणाची दौत, अशी त्याची सर्वपरिचित घडण असून ते कमरेस खोचून नेता येई. या घडणीत शतकानुशतके फारसा बदल झाला नाही. म्हणूनच केवळ आकारावरून त्याचा काळ सांगणे धाडसाचे ठरते. बिदरच्या जस्तमिश्रित काळ्या धातूवर चांदीचे जडावकाम केलेल्या कलमदानांनाही हेच लागू पडते. वापराने झालेली झीज हा त्यातल्या त्यात बरा पुरावा होय. खऱ्या जुन्या वस्तूची झीज हात लागतो तेथेच, म्हणजे झाकणाची कड, बिजागरीचा खिळा व दौतीचे तोंड येथे असते. बाजारासाठी जुनी भासविलेली वस्तू सर्वत्र सारखीच काळवंडलेली दिसते. बोरूचा काळ तर ठरविताच येत नाही. वेताच्या जातीच्या या काडीचे टोक तिरकस कापीत व ते बोथट झाले की पुन्हा तासत. त्यामुळे एक बोरू पिढ्यान्‌पिढ्या उरणे दुर्मिळ. पेटीत सापडलेले बोरू बहुधा शेवटच्या वापरणाऱ्याचे असतात. मोडी लेखन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होते, त्यामुळे बोरू सापडला म्हणून पेटी फार प्राचीन मानण्याचे कारण नाही. बोरू तासण्याचा चाकू अधिक बोलका असतो. शेफील्डच्या अनेक पात्यांवर राज्यकर्त्याची आद्याक्षरे ठोकलेली असतात. त्यांपैकी ‘व्ही आर’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीतील (१८३७–१९०१) होत.

इंग्रजी मालाचा काळ यापेक्षा बराच नेमका ठरतो. चांदीच्या झाकणाच्या दौतीवर सिंह (प्रमाणित चांदी), शहराचे चिन्ह (बर्मिंगहॅमसाठी नांगर) व दरवर्षी बदलणारे अक्षर असे छाप असतात. त्यांत राज्यकर्त्याचे मस्तकही असेल, तर ती वस्तू १७८४ ते १८९० या काळातील असते, कारण ते मस्तक चांदीवरील कर भरल्याची खूण होते. ‘ई पी एन एस’ ही अक्षरे मात्र चांदीची नव्हेत. ती चांदीचे विद्युत्‌ विलेपन केलेल्या निकेलमिश्रित धातूची असून बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या प्रक्रियेचे एकस्व १८४० मध्ये घेतले. चौकटच्या आकाराची नोंदणीखूण १८४२–८३ या काळातील होय. तिच्या माथ्यावरील रोमन अंक द्रव्य दाखवितो (१ धातू, २ लाकूड, ३ काच, ४ मृत्पात्री). वर्षाचे अक्षर १८६७ पर्यंत वरच्या, तर १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात येते. १८८४ पासून तिच्या जागी ‘आर डी’ व चढता क्रमांक आला. १९०० च्या आरंभी तो साडेतीन लाखांपुढे गेला होता. ब्रिटिश एकस्वांचे क्रमांक पूर्वी दरवर्षी नव्याने सुरू होत. १९१६ पासून १,००,००१ पुढे अखंड मालिका आहे.

काचेच्या शाईच्या बाटलीवरील साच्याची शिवण थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली स्वयंचलित यंत्राने केलेली, म्हणजे विसाव्या शतकातील असते. तपकिरी दगडी बाटल्यांच्या अंगावर डेन्बी येथील बोर्न कारखाना व लंडनचे शाई-उत्पादक पी. अँड जे. आर्नल्ड यांची नावे दाबून उमटविलेली आढळतात.

विलक्षण गोष्ट अशी, की घरातील सर्वांत क्षुल्लक मानली जाणारी वस्तू, म्हणजे निबांची कागदी डबी किंवा शाईच्या वड्यांचे वेष्टन, पितळी कलमदानापेक्षा कितीतरी अचूक तारीख देते. पोलादी निबांचा धंदा १८३० च्या सुमारास बर्मिंगहॅम येथे जिलट, मिचेल, मेसन प्रभृतींनी वाढविला. निबेवर कारखान्याचे नाव व क्रमांक असतो, पण तोच क्रमांक अनेक दशके चाले. काळ सांगते ती डबी. राजाश्रयाच्या ओळीत ‘राणी’ आहे की ‘राजा’, हे प्रथम पाहावे. भारतीय वेष्टनावर किंमत आण्यांत असेल, तर ते सामान्यतः १ एप्रिल १९५७ पूर्वीचे. ‘नये पैसे’ असतील, तर १९५७–६४ मधील. पत्त्यात पिन क्रमांक असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. इंग्रजीत ‘पूना’ ऐवजी ‘पुणे’ १९७८ पासून आणि ‘बॉम्बे’ ऐवजी ‘मुंबई’ १९९५ पासून अधिकृत झाले, परंतु जुने छापील साहित्य संपेपर्यंत वापरले जाई, हे ध्यानात ठेवावे. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ मध्ये सुरू केलेल्या, पुढे कॅम्लिन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या उद्योगाची ‘हॉर्स’ छापाची शाईची भुकटी व वड्या अशा वेष्टनांत मिळत.

झरणीच्या बाबतीत द्रव्य व शाई भरण्याची रीत पाहतात. वॉटरमन यांचे एकस्व १८८४ चे आहे. आरंभीच्या झरण्या एबोनाइटच्या व थेंबनळीने भरावयाच्या असत. शेफर यांची तरफेची झरणी १९१२ च्या सुमारास, तर सेल्युलॉइड प्रामुख्याने १९२४ नंतर प्रचारात आले. ‘पार्कर ५१’ ही १९४१ मध्ये बाजारात आली. ही अनुक्रमणिका भारतात जशीच्या तशी लावल्यास फसगत होते, कारण थेंबनळीने भरण्याच्या एबोनाइटच्या झरण्या येथे पाश्चात्त्य देशांत ती पद्धत मागे पडल्यावरही अनेक दशके होत राहिल्या. केवळ थेंबनळी पाहून झरणी १९२० पूर्वीची ठरविणे बरोबर नाही. निबही बदललेली असू शकते.

शिक्क्यावर वर्ष असल्यास प्रथम त्याचा शक ओळखावा लागतो. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, फसलीत ५९० किंवा ५९१, शुहूर सनात ५९९ किंवा ६०० व राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४ मिळविले असता इसवी सन येतो. मोगलकालीन शिक्क्यावरील वर्ष पुष्कळदा किताब वा पद मिळाल्याचे असते. त्यामुळे तोच शिक्का पुढे अनेक वर्षे उमटत राहतो.

दौतीच्या तळाशी राहिलेला शाईचा थर काढून टाकणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. काजळी व बाभळीचा डिंक यांची शाई काळी, चकचकीत पापुद्र्याची असून पाण्याने पुन्हा विरघळते. हिरडा व हिराकस यांची शाई तपकिरी पडते व पितळ खाते. झगझगीत जांभळा थर कृत्रिम रंगाचा, म्हणजे पर्किन यांच्या १८५६ च्या शोधानंतरचा असतो [→ शाई]. यावरून वस्तूच्या घडणीचा नसला, तरी वापराचा काळ कळतो. सणासुदीला चिंच किंवा लिंबू लावून घासलेल्या दौतीतून हा पुरावा जातो, शिवाय कोरलेली अक्षरेही झिजतात. कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झटकणे पुरेसे असते. एबोनाइटची झरणी पाण्यात भिजत ठेवू नये; पाणी व प्रकाश यांमुळे ती तपकिरी पडते. सेल्युलॉइडच्या वस्तू कापूर सोडतात व सहज पेट घेतात. त्या बंद डबीत किंवा अन्य धातूंच्या साधनांसोबत न ठेवता हवेशीर जागी वेगळ्या ठेवाव्यात.