खांद्याला झेपेल ती रायफल

नोव्हेंबर निम्मा सरला की अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑफिसांतल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तिथे बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसे परवाने घेऊन रानात उतरतात. शेजारच्या मिशिगनमध्ये हा दिवस ठरलेला आहे. वार कोणताही असो, तारीख १५ नोव्हेंबर. अनेक गावांतल्या शाळा त्या दिवशी चक्क बंद असतात.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरवली, आणि ते योग्यच झाले. तिथली परिस्थिती वेगळी आहे. बेसुमार शिकारीने १९००च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे, म्हणजे व्हाइटटेल, जेमतेम पाच लाख उरली होती. मग कडक कायदे झाले, हंगाम आणि मर्यादा ठरल्या, आणि आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. बहुतेक भागांतून लांडगा आणि कूगर मात्र नाहीसे झालेत. वाढलेले कळप शेते फस्त करतात, जंगलातली कोवळी रोपे वर येऊ देत नाहीत आणि रात्री मोटारींसमोर येतात. म्हणून दरवर्षी किती हरणे मारू द्यायची, हे राज्य सरकार ठरवते. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो.

अशा या शिकारीत नव्याने उतरणारा माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: सगळ्यात दमदार रायफल कोणती? नेमका हाच प्रश्न त्याला चुकीच्या वाटेला नेतो. व्हाइटटेल हे मध्यम आकाराचे जनावर आहे. त्याला मारायला अफाट ताकद लागत नाही, गोळी योग्य जागी लागावी लागते. आणि ती योग्य जागी लागते की नाही, हे रायफलीच्या ताकदीपेक्षा तिच्या धक्क्यावर जास्त अवलंबून असते.

बार निघाला की रायफल खांद्यावर मागे आदळते. आवाज कानठळ्या बसवणारा असतो. दोन-चार बारांत शरीर हे शिकते आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच आक्रसते. डोळे मिटतात, खांदा पुढे सरतो, नळी खाली जाते. नेम धरलेला असतो छातीवर आणि गोळी लागते पोटात किंवा पायात. जखमी हरीण झाडीत निघून जाते आणि तासन्‌तास तडफडत मरते. शिकारीतली सर्वांत मोठी क्रूरता ही आहे आणि ती बहुतेकदा धक्क्याच्या भीतीतून घडते. ही भीती तपासण्याची एक जुनी रीत आहे. मित्राने नेमबाजाला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादे सरावाचे, बिनदारूचे काडतूस मिसळून भरायचे. चाप ओढला, बार निघालाच नाही आणि तरीही नळीने बुचकळी मारली, की दोष रायफलीचा नाही हे सगळ्यांना दिसते.

अमेरिकेत घरोघरी पूजेत ठेवल्यासारखी जपलेली रायफल असते ती .३०-०६ स्प्रिंगफील्डची. उच्चार ‘थर्टी-ऑट-सिक्स’. लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले हे काडतूस दोन महायुद्धांत वापरले गेले आणि सैनिकांच्या हातून शिकाऱ्यांकडे आले. काडतूस उत्तमच आहे, हरणापासून थेट एल्कसारख्या थोराड जनावरापर्यंत पुरते. पण नवख्याच्या खांद्याला त्याचा धक्का जड जातो. त्यापेक्षा १९५५चे .२४३ विंचेस्टर पाहावे. त्याचा धक्का .३०-०६च्या निम्म्याच्या आसपास भरतो. साडेसहा ग्रॅमची त्याची गोळी हरणाच्या फुप्फुसांतून नीट गेली तर जनावर फार लांब जात नाही. किशोरवयीन मुले, सडपातळ बांध्याची माणसे आणि ज्यांनी आधी कधी बंदूक हातात धरलेली नाही अशांसाठी ते चांगले. मात्र गोळी हरणासाठी बनवलेली हवी. याच मापात कोल्ह्यांसारख्या छोट्या जनावरांसाठी येणारी हलकी गोळी मोठ्या जनावराच्या अंगात खोल शिरत नाही.

थोडी जास्त मोकळीक हवी असेल तर १९८०चे ७ मिलीमीटर-०८ रेमिंग्टन आणि २००७चे ६.५ क्रीडमोर ही दोन नावे सध्या दुकानदारांच्या तोंडी असतात. १९५२चे .३०८ विंचेस्टर त्यांच्यापेक्षा जरा जोरकस. त्याची काडतुसे जवळपास प्रत्येक गावात मिळतात. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी काडतुसे संपली तर याची किंमत कळते. यांतले कोणतेही निवडले तरी हरणाला फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र अजिबात विसरून चालत नाही. नळीवर ज्या काडतुसाचे नाव कोरलेले असते तेच त्या रायफलीत घालायचे. .३०८ आणि .३०-०६ यांच्या गोळ्यांची जाडी सारखीच, पण काडतुसे वेगळी. असा घोटाळा जिवावर बेतू शकतो.

आता रायफलीची रचना. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टरची १८९४ची लिव्हर रायफल अमेरिकी हरीणशिकारीचे प्रतीकच बनली. तिच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती बनल्या. दाट झाडीत, शंभर यार्डांच्या आत, हलकी आणि झटपट चालणारी ही रायफल आजही तोलामोलाची आहे. पण नवख्यासाठी बोल्टची रायफल बरी, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. विंचेस्टर मॉडेल ७० (१९३६), सॅव्हेज ११० (१९५८), रेमिंग्टन ७०० (१९६२) ही या घराण्यातली जुनी नावे, आणि रुगर अमेरिकनसारख्या स्वस्त रायफलीही अचूक असतात. बोल्ट हाताने मागे ओढला की काडतुसाची जागा डोळ्यांना दिसते. रायफल भरलेली आहे की रिकामी, याबद्दल शंका राहत नाही. दुसरी गोळी भरायला क्षणभर लागतो आणि तेवढ्या वेळात पहिलीचे काय झाले ते पाहायची सवय लागते. अर्धस्वयंचलित रायफली पेन्सिल्व्हेनियात तर हरणाच्या शिकारीला चालतच नाहीत. ओहायोत आणखी वेगळा नियम. सपाट, दाट वस्तीच्या त्या राज्यात गोळी फार दूर जाऊ नये म्हणून सरळ भिंतीच्या काडतुसांच्याच रायफलींना मुभा आहे. .२४३ तशा काडतुसांत मोडत नाही, म्हणून ते तिथे निरुपयोगी ठरते. म्हणून आधी राज्याचे नियम वाचावेत, मग दुकान गाठावे.

शिंप्याकडे माप द्यावे तसे रायफलीचेही माप घ्यावे लागते. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतची लांबी प्रौढांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असते. बुटक्या माणसाला किंवा बारा वर्षांच्या मुलीला ती लांब पडते. मग मान ताणली जाते, हात अवघडतो आणि धक्का खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो. आखूड दस्त्याच्या रायफली मिळतात, त्या घ्याव्यात. नोव्हेंबरच्या थंडीत अंगावर जाड कोट असतो, म्हणून दुकानात कोट घालूनच रायफल खांद्याला लावून पाहावी. डावखुऱ्याने डाव्या हाताच्या बोल्टची मागावी. चाप साधारण दीड किलोच्या दाबाने सुटणारा असावा. फार जड असला तर ओढताना नेम हलतो.

दुर्बिणीवर मात्र पैसे वाचवू नयेत. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी साधी, मजबूत दुर्बीण पुरेशी आहे. ती डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच दूर राहील अशी बसवली नाही तर पहिल्याच बाराला कडा भुवईवर आपटते आणि रक्त निघते. रानात ती कमीत कमी पटीवर ठेवावी. जवळ आलेले हरीण नऊ पटीत शोधायला गेले की दिसते ती फक्त करडी केसाळ भिंत.

सराव ऑगस्टमध्ये सुरू व्हावा. नेमबाजीच्या मैदानावर टेबलावर टेकून, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण लावून, शंभर यार्डांवर रायफल लावून घ्यायची. बहुतेक दुर्बिणींत फिरकीचे चार टकटक म्हणजे त्या अंतरावर एक इंच. त्याच पेटीतली, तीच गोळी हंगामातही वापरायची, कारण गोळी बदलली की जागा बदलते. इथवर सगळेच करतात. पुढचे काम फार थोडे जण करतात: टेबल सोडायचे. रानात टेबल नसते. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून बार काढायचे. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा, जेवणाच्या थाळीपेक्षा लहान. तेवढी कागदी तबकडी लावावी आणि पाहावे, किती अंतरावर आपल्या सगळ्याच गोळ्या तिच्यात बसतात. ऐंशी यार्ड, तर मर्यादा ऐंशी यार्ड. रायफल चारशे यार्डांची असली म्हणून माणूस चारशे यार्डांचा होत नाही.

हरीण आडवे उभे असावे, किंवा किंचित पाठमोरे. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. पळत्या हरणावर नाही, समोरून तोंड करून उभ्या असलेल्यावर नाही. आणि हरणाच्या मागे काय आहे? टेकडी किंवा मातीचा चढ असेल तर ठीक. उघडे क्षितिज असेल तर चाप ओढायचा नाही, कारण चुकलेली गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. बारानंतर अर्धा तास जागेवर थांबायचे. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेले असणार. हिरवट डाग आणि पोटातला वास म्हणजे तासन्‌तास थांबायचे, नाहीतर जखमी जनावर उठून आणखी दूर जाते. माग मात्र सोडायचा नाही, रात्र झाली तरी.

विस्कॉन्सिनच्या प्रशिक्षणवर्गात चार नियम घोकून घेतले जातात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, लक्ष्य आणि त्यापलीकडचे ओळखा, बार काढेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९१४च्या हंगामात त्या राज्यात २४ माणसे गोळीने मेली होती. अलीकडे काही हंगाम एकाही मृत्यूशिवाय गेले. प्रशिक्षण आणि भडक नारिंगी कपडे, या दोन गोष्टींचे हे श्रेय. आता घात होतो तो मचाणावरून पडण्याने. पट्टा बांधावा आणि रायफल रिकामी करून दोरीने वर घ्यावी.

मांस घरी नेण्याआधी दोन खबरदाऱ्या. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांच्या मेंदूचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आढळला. म्हणून मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्यावी. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेभोवती पसरतात, म्हणून तांब्याच्या गोळ्यांकडे कल वाढतो आहे. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरण्यावर बंदीच घातली.

मॅडिसन, मिलवॉकी किंवा डेट्रॉइटच्या मराठी घरांत ऑफिसमधल्या सहकाऱ्याचे शिकारीचे आमंत्रण येते, तेव्हा उत्साहात आधी रायफल घेतली जाऊ नये. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना केंद्रीय कायदा बंदूक घेऊ देत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. त्यामुळेही क्रम ठरूनच जातो. पहिल्या वर्षी अनुभवी माणसाबरोबर रिकाम्या हाताने जा, जनावर सोलताना पाहा. मनाला पटले तर राज्याच्या शिकारी प्रशिक्षणवर्गात नाव घाला. परवाना त्यानंतर, आणि रायफल सगळ्यात शेवटी.